एक कार्ड की दोन?

"अम्मी, पुण्याच्या एका मुलाला अकरा हजार रुपये पाठवायचे आहेत."

थोरला हे म्हणाला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. अनोळखी माणसाला अकरा हजार म्हटल्यावर लाल पेन खाली ठेवणं भाग होतं. कशाचे, असं विचारल्यावर तो म्हणाला, "दुसऱ्या ग्राफिक्स कार्डाचे. पैसे माझेच आहेत. तुझी फक्त इजाजत हवी."

ही 2022च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. ज्या घरांत खेळवेडी मुलं नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरवर जो खेळ चालतो त्यातलं प्रत्येक चित्र क्षणाक्षणाला नव्याने काढावं लागतं. सेकंदाला साठ चित्रं निघाली तर गाडी पडद्यावर सरसर पळते, पंचवीसवर आली की अडखळते. ही चित्रं काढायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. वीतभराहून थोडी लांब, दोन-तीन पंखे लावलेली पेटी असते. किंमत विचाराल तर आपल्याकडे बऱ्याच घरांत तेवढ्याचा फ्रिज येतो.

आमच्याकडे एक कार्ड होतं. जीटीएक्स 1070. माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे मुलांच्या मामूने, लॉकडाउनमध्ये वापरलेलं का होईना पण चांगलं म्हणून भाच्याला दिलेलं. कॉम्प्युटरच्या बाजारात त्याची अर्धी उमर गेली आहे. दोन वर्षं ते कार्ड बिनतक्रार चाललं. तक्रार सुरू झाली ती मुलांच्या अब्बांच्या भेटीमुळे. त्यांनी कुवेतहून पुतण्याबरोबर लेकासाठी सत्तावीस इंची मॉनिटर पाठवला. जुन्या पडद्यावर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके होते, नव्यावर 2560 आणि 1440. ऐकायला फरक थोडा वाटतो. मी गुणाकार करून पाहिला. पहिल्याचे 20,73,600 ठिपके, दुसऱ्याचे 36,86,400. पावणेदोन पटींहून जास्त काम, आणि करणारा तोच. कार्ड दमायला लागलं यात नवल नव्हतं.

तुम्ही म्हणाल, खेळ तो खेळ, थोडा अडखळला तर काय बिघडलं? मीही तेच म्हणत असे. पण आमच्या घरी शुक्रवारची रात्र वेगळी असते. कुवेतला शुक्रवारी सुट्टी. आपल्याकडे साडेदहा वाजतात तेव्हा तिथे आठ वाजलेले असतात. थोरला इथे बसतो, त्याचा चुलतभाऊ तिथे, आणि दोघं मिळून गाड्या पळवतात. फोर्झा होरायझन 5 नावाचा खेळ आहे, त्यात सगळा मेक्सिको देश फिरायला मिळतो. मुलांचे अब्बा खेळत नाहीत. पुतण्याच्या शेजारी खुर्ची टाकून बघत बसतात आणि मध्येच म्हणतात, "डावीकडे घे, तिथे तळं दिसतंय." मग दोघंही शर्यत सोडून तळं बघायला जातात. फोनवर बाप-लेकाचं बोलणं तीन वाक्यांत संपतं. जेवलास का, अभ्यास कसा चाललाय, अम्मीला दे. ह्या गाडीत मात्र दोघं दीड-दीड तास बोलतात. मी स्वयंपाकघर आवरताना ऐकत असते. तेव्हा मी खेळाला नावं ठेवायचं सोडून दिलं होतं.

थोरल्याचं म्हणणं सोपं होतं. एका कार्डाने होत नाही, तर तसंच दुसरं शेजारी लावू. एक बैल दमला तर दुसरा जोडायचा. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करून त्याने चौदा हजार जमवले होते, त्यातले अकरा जाणार. नवं कार्ड मात्र तीस हजारांच्या घरात. मला त्याचं पटलं होतं. तरी म्हटलं, मामूला विचारल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत.

मामूने फोनवर ऐकून घेतलं आणि हसला. "आपा, त्याला सांग, दहा वर्षं उशीर झाला."

मग जे त्याने सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणून इथे लिहिते. दोन कार्डांची युक्ती जुनी आहे. 1998 साली थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीने वूडू 2 हे कार्ड काढलं. त्यातली दोन कार्डं जोडली की चित्रातल्या ओळी ती वाटून घेत, एकाने सम आणि दुसऱ्याने विषम. पुढे ती कंपनी डबघाईला आली आणि तिचा माल एनव्हिडियाने घेतला. एनव्हिडियाने 2004मध्ये एसएलआय हे जुनंच नाव पुन्हा बाजारात आणलं. दुसऱ्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर काढलं. मामू म्हणाला, त्या काळी शौकीन लोक तीन-तीन, चार-चार कार्डांच्या मशीन बांधून घेत, आणि आम्ही दुकानातली पोरं त्यांच्याकडे तोंड उघडं टाकून बघत असू.

पण ह्यात काम वाटलं कसं जातं? बहुतेक वेळा एक चित्र हे कार्ड काढतं, पुढचं ते कार्ड. मला लगेच आमच्या सासूबाई आणि त्यांच्या जावा आठवल्या. शादीघरात दोघी समोरासमोर बसून तांदळाच्या भाकऱ्या करत, एक ह्या चुलीवर, एक त्या. भाकऱ्या दुप्पट होत हे खरं. पण दोघींचा हात सारखा पडला नाही तर पंगतीत काय होई? दोन भाकऱ्या एकदम यायच्या, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा दोन. मोजल्या तर संख्या बरोबर, वाट बघणाऱ्याचा मात्र रस्सा निवायचा. दोन कार्डांत अगदी हेच होतं, असं मामू म्हणाला. सेकंदाला साठ चित्रं निघाल्याचा आकडा दिसतो आणि डोळ्याला तरी हिसके जाणवतात.

दुसरी गोष्ट मेमरीची. एका कार्डावर आठ जीबी आहे, दोन लावली की सोळा होईल असं पोराने धरलं होतं. होत नाही. दोन्ही कार्डांना त्याच दृश्याची चित्रं काढायची असतात, म्हणून तोच मजकूर दोघांकडे ठेवावा लागतो. वर्गात एकाच पाठाच्या दोन प्रती असल्या म्हणून पाठ दुप्पट मोठा होत नाही. हे मात्र मी थोरल्याला सांगितलं आणि त्याने मान हलवली.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. खेळ बनवणाऱ्यांनी दोन कार्डांची सोय स्वतः करून ठेवावी लागते, नाहीतर दुसरं कार्ड नुसतं वीज खात बसतं. नव्या खेळांत पुढचं चित्र काढताना मागच्या चित्रातली माहिती वापरतात. ती माहिती शेजारच्या कार्डाकडे असते, ती मागवण्यातच वेळ जातो. म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी हळूहळू ही सोय करणंच सोडलं. शॅडो ऑफ द टूम रेडर ह्या 2018च्या खेळात ती आहे, 2020च्या सायबरपंक 2077मध्ये नाही. एनव्हिडियाने तर जाहीरच केलं होतं की 1 जानेवारी 2021पासून एसएलआयसाठी नव्या खेळांची जोडणी आम्ही देणार नाही. त्यांच्या तीस मालिकेत फक्त सर्वांत महागड्या 3090 वर्गाच्या कार्डांना दुसरं कार्ड जोडायची खाच राहिली होती. ह्याच ऑक्टोबरात 4090 आलं, त्यात तीही नाही.

"आणि पुण्याच्या त्या मुलाला विचार," मामू शेवटी म्हणाला, "हे कार्ड त्याने खेळायला घेतलं होतं की मायनिंगला?"

ह्याचीही एक कहाणी आहे. इथेरियम नावाचं डिजिटल चलन तयार करायला लोक दहा-दहा, वीस-वीस कार्डं रॅकवर लावून रात्रंदिवस चालवत होते. त्यापायी 2021मध्ये कार्डांचे भाव असे चढले की साध्या माणसाने दुकानात विचारू नये. 15 सप्टेंबर 2022ला इथेरियमने आपली रीतच बदलली आणि ही सगळी कार्डं एका दिवसात बेकार झाली. मग ती पुसून-पासून बाजारात यायला लागली. त्यांचे पंखे झिजलेले असतात, आतलं थर्मल पॅड वाळून गेलेलं असतं. सगळीच खराब असतात असं नाही, पण फोटोवरून ओळखता येत नाही. पुण्याच्या मुलाने उत्तर दिलं, "भाई, फक्त गेमिंग." सगळेच तसं म्हणतात.

मग मी पेपरांच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद घेतला. दुसरं कार्ड 11,000. आमचा मदरबोर्ड बी 360 जातीचा, त्यावर एसएलआय चालत नाही. चालणारा जुना बोर्ड 7,000. एसएमपीएस साडेपाचशे वॅटचा, मामूच्या मते दोन कार्डांना साडेसातशेचा हवा, तो 6,500. दोघांना जोडणारा पूल 2,000. एकूण 26,500. आणि एकच नवं आरटीएक्स 3060 घेतलं तर 30,000, बाकी काहीही न बदलता. त्यावर बारा जीबी मेमरी. जुनी दोन मिळून 300 वॅट खाणार, हे नवं 170. रोज चार तास धरले तर महिन्याला साडेपंधरा युनिटचा फरक. शिवाय नवं घेतलं की जुनं विकता येईल, मामू म्हणत होता नऊ हजार कुठे गेले नाहीत. म्हणजे हातचे 21,000च.

इतका सरळ हिशेब मी सातवीच्या मुलांना दिला असता तर त्यांनी तोंडी सांगितला असता.

थोरल्याने कागद पाहिला. बेरीज तपासली. म्हणाला, "बरोबर आहे." आणि मग म्हणाला, "पण मला दोनच लावायची आहेत."

वर्गात असं मूल भेटलं की मी फळ्याकडे पाठ करून त्याच्या बाकावर जाऊन बसते. घरात मात्र मी आवाज चढवला. पैसा इसराफ करायला नसतो, तुझे अब्बा पंचेचाळीस अंशांत उभे राहतात, वगैरे सगळं बोलून झालं. तो उठून गेला.

रात्री धाकटी भांडी पुसता पुसता म्हणाली, "अम्मी, भाईजानला ते जुनं कार्ड काढायचंच नाहीये. एक घेतलं की ते विकावं लागेल ना."

"का? काय आहे त्यात?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच विद्यार्थिनी. "पुरातलं आहे ते."

आमचं घर चिपळूणचं. 2021मध्ये बकरीद 21 जुलैला होती. दिवसभर पावसातच कुर्बानीचे वाटे पोहोचवले, काही सकाळी देऊ म्हणून ठेवले. ती सकाळ आम्हाला मिळालीच नाही. पहाटे पाणी उंबऱ्यातून आत आलं. वीज गेलेली, घरात मी, सासूबाई आणि दोन मुलं. मुलांचे अब्बा कुवेतला, तिथे फोन लागत नव्हता. थोरला नुकताच दहावी झाला होता. कोरोनामुळे परीक्षाच रद्द झालेली, सहा दिवसांपूर्वी निकाल लागला होता, त्याचे पेढे डब्यात होते. त्याने दादीला पाठीवर घेतलं आणि वर घरमालकांकडे नेऊन सोडलं. परत आला तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. मी ओरडले, कागदांची फाईल आण. तो आत गेला आणि फाईल घेऊन आला. फाईलबरोबर त्याच पिशवीत ते कार्ड. पंखा वाजत होता म्हणून आदल्या दिवशी त्याने ते काढून खोक्यात भरून टेबलावर ठेवलं होतं.

पलंगाखाली माझी पत्र्याची पेटी होती. माझे अब्बा चौतीस वर्षं उर्दू शाळेत मुदर्रिस होते. त्यांच्या पाठांच्या टाचणवह्या त्या पेटीत होत्या, चाळीस-एक तरी. मुलांना कुठे हसू आलं, कोणत्या शब्दाला अडली, हेसुद्धा ते समासात लिहून ठेवत. मी नोकरीला लागले तेव्हा त्याच वह्यांवर पहिली दोन वर्षं निभावली होती.

पाणी उतरल्यावर आम्ही खाली आलो. गुडघाभर चिखल. पेटी उघडली तर आत लगदा. शाईने लिहिलेलं सगळं वाहून गेलं होतं, कागदांवर निळे ढग तेवढे राहिले होते. तीन वह्या पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या, त्या तेवढ्या वाचता येत होत्या. मी चिखलात बसले होते आणि थोरला समोर उभा होता. मी म्हणाले, "खेळायचं खेळणं आणलंस वर. माझ्या बापाच्या वह्या नाही आणल्यास."

तो काही बोलला नाही. पुढे पंधरा दिवस घर धुण्यात गेले. वह्यांचा विषय मी परत काढला नाही, त्यानेही नाही. मला वाटलं, तो विसरला. कॅबिनेट, मॉनिटर, सगळं भंगारात गेलं. पुढच्या वर्षी वापरलेले भाग गोळा करून त्याने मशीन पुन्हा उभी केली, ती ह्या एका कार्डाभोवती. मी ते बघत होते, आणि माझ्या मनात एवढंच येत होतं की पोराला खेळाशिवाय काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटलं, सुट्टीत मामूकडे जाऊ, दुकानात जाऊन ठरवू. तो म्हणाला, एकच घेऊ, तुझा हिशेब बरोबर आहे. आणि जुनं कार्ड चांदीच्या रंगाच्या पिशवीत घालून, वरून टॉवेल गुंडाळून त्याने सॅकमध्ये ठेवलं.

मांडवी एक्स्प्रेसने निघालो. दिवाळीची गर्दी, पण बसायला मिळालं. वीर स्टेशन गेल्यावर मी म्हटलं, "पुराच्या वेळी मी ते बोलायला नको होतं."

"कोणतं?"

"खेळण्याचं."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पेटीला हात घातला होता मी अम्मी. पाण्याखाली होती. पाणी भरलेलं होतं तिच्यात, एकट्याला हलली नाही. मग टेबलावर हात गेला."

सव्वा वर्ष हे त्याने पोटात ठेवलं होतं. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तू रडत होतीस." नंतर पनवेलपर्यंत आम्ही शेंगदाणे खाल्ले.

लॅमिंग्टन रोड मी पहिल्यांदा पाहिला. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. आता त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते फक्त पाटीवर. एका खोलीएवढ्या जागेत तीन दुकानं, आणि प्रत्येक दुकानदाराला पलीकडच्याचा भाव माहीत. मामू आम्हाला त्याच्या ओळखीच्या ठिकाणी घेऊन गेला. 3060चे दोन-तीन प्रकार बघितले. दुकानदार मलाच तीन पंख्यांचं कार्ड खपवायला बघत होता, मी विचारलं की तिसरा पंखा नेमकं काय करतो, तेव्हा तो हसून दोन पंख्यांच्या कार्डावर आला. साडेएकोणतीस हजारांवर तुटलं.

मग थोरल्याने सॅक उघडली. दुकानदाराने जुनं कार्ड मशीनला लावून पाहिलं, दहा मिनिटं चालवलं, कडेला नखाने खरवडलं. "माल साफ आहे. कोकणातला असून गंज नाही. नऊ देतो."

थोरला "ठीक आहे" म्हणाला. ते इतक्या पटकन म्हणाला की मामूनेही त्याच्याकडे वळून पाहिलं.

माझ्याकडे भिशीचे तीस हजार होते. त्यातून कपाट घ्यायचं ठरलेलं. पुरात लाकडी कपाटाची दारं फुगली ती फुगलीच, सुतार दोनदा रंधा मारून गेला तरी एक दार लागत नाही. सव्वा वर्ष मी ते कपाट बदलायचं म्हणत होते, आणि ह्या वेळी माझा नंबर लागला होता. लेकाचे चौदा, कार्डाचे नऊ, म्हणजे माझे साडेसहाच जाणार होते. कपाटाला पुरेसे उरत होते.

"हे विकायचं नाही," मी दुकानदाराला म्हटलं.

"आपा, नऊ चांगले आहेत," मामू हळूच म्हणाला. "वर्षभराने पाचसुद्धा येणार नाहीत."

खरंच होतं त्याचं. हिशेबाने मी चुकत होते आणि ते मला माहीत होतं. मी साडेपंधरा हजार मोजून दिले. थोरल्याने कार्ड पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळलं. रस्त्यावर आल्यावर मामूने आम्हाला फालुदा पाजला आणि भाच्याला म्हणाला, "तुझ्या अम्मीला धंद्यात कुणी ठेवून घेणार नाही."

नवं कार्ड तासाभरात बसलं. त्या शुक्रवारी मुलांच्या अब्बांना तळ्यात आभाळ दिसलं म्हणे, इतकं साफ. त्यांनी पुतण्याला तिथेच गाडी उभी करायला लावली.

जुनं कार्ड माळ्यावर आहे, पेटीच्या शेजारी. भिंतीवर पुराची जी रेघ आम्ही रंगवताना मुद्दाम सोडली आहे, तिच्या दोन हात वर. पेटीत आता तीनच वह्या. धाकटीने त्यांचे फोटो काढून ठेवलेत, सुट्टीत त्यातला एखादा पाठ मी तिला वाचून दाखवते. ती म्हणते, भाईजानच्या जुन्या कार्डावर मला एक मशीन बांधून द्या. बघू. त्याला एसएमपीएस लागेल, बोर्ड लागेल, आणि माझा भिशीचा नंबर पुढच्या सालात आहे. तोवर कपाटाचं दार मी जुन्या ओढणीने बांधून ठेवते.